अर्धी तुझी, अर्धी माझी

११ मार्च

डेल्मा, माफ कर. फार उशीर केला. ही वही तू मला गेल्या नाताळात दिलीस. "दिवसभराची कटकट माझ्या कानात ओतण्यापेक्षा हिच्यात ओत," म्हणालीस. मी ती मोज्यांच्या खणात टाकून दिली. तुझे कान होते तोवर मला वही कशाला हवी होती?

आज काढली. आता तुला सांगितलेलं तुझ्यात टिकत नाही. सकाळी सांगितलं की लिंबाच्या झाडावर कीड पडली, तर तू म्हणालीस, "कोणत्या झाडावर?" दुपारी पुन्हा सांगितलं, तू पुन्हा विचारलंस. तिसऱ्यांदा सांगायची मला भीती वाटली. म्हणून तू दुपारची झोपलीस की स्वयंपाकघरात बसून इथे लिहीन. माझं शिक्षण चौथीपर्यंत. चुका सापडतील. तू गिरणीत कापडातले दोष बोटांनी शोधायचीस आणि घरी माझ्यातले जिभेने. कधीतरी ही वही वाचशील आणि प्रत्येक चुकीखाली रेघ मारशील, एवढी एकच आशा धरून लिहितो.

काल मारिएला माँतेविदेओहून आली होती. तुझ्या लक्षात आहे का? तू तिच्यासमोर खुर्चीतच झोपलीस. तुझ्या अंगावर शाल घालून ती मला अंगणात घेऊन गेली.

"बाबा, मी कोलोनियाच्या वृद्धाश्रमात आईचं नाव घालून आले. हिवाळ्यात एक जागा रिकामी होईल म्हणतात."

"रिकामी होईल म्हणजे? कोण मरणार ते त्यांना आत्ताच माहीत आहे?"

"बाबा! मी मस्करी करत नाहीये. आई तुमच्याच्याने उचलली जाते का? परवा ती न्हाणीघरात बसून राहिली, तर तुम्हाला नेलिदाला बोलवावं लागलं."

"आणि मी? मी कुठे?"

"तुम्ही इथे. नाहीतर माझ्याकडे."

म्हणजे तू तिकडे आणि मी इकडे. गिरणीत तुझी पाळी दिवसाची आणि माझी रात्रीची असायची, तेव्हासुद्धा फाटकापाशी भेट व्हायची. तिचे डोळे लाल झाले होते. वाईट मुलगी नाही ती. तुझंच नाक आहे तिला.

१४ मार्च

आज ऊन चांगलं होतं. शेजारी नेलिदाच्या दारापुढे फुटपाथवर खुर्च्या टाकून आपण माटे, आपला तो कडू पाल्याचा चहा, प्यायला बसलो. मांडीवर थर्मास आणि हातात तुंबा घेऊन नेलिदा नेहमीसारखी मध्ये. ती पाणी ओतते, तुंबा तुझ्याकडे येतो, तू नळीने ओढून परत देतेस, मग माझ्याकडे. आपल्या गल्लीत हा फेरा अंधार पडेपर्यंत थांबत नाही, कारण पुरे झालं की आभार मानून 'ग्रासियास' म्हणायचं असतं, आणि तू ते कधी म्हणत नाहीस. एकदा ग्रासियास म्हटलं की तुंबा पुन्हा तुमच्याकडे येत नाही. तू म्हणायचीस, ग्रासियास म्हणणारी माणसं घरी जाऊन एकटीच जेवतात.

नेलिदाने तुझ्या तोंडाकडे पाहिलं. "अगं डेल्मा, आज चेहरा ओढलेला दिसतोय. थांब, माझी ही पांढरी घे. मला छातीच्या धडधडीसाठी दिली आहे, पण ती कशालाही चालते. त्या दिवशी कुत्र्याला अर्धी दिली, फटाके वाजत होते ना."

"कुत्रा कसा आहे?" मी विचारलं.

"झोपलाय अजून."

आपण सगळे हसलो, तूही हसलीस. गोळी तू माटेच्या घोटाबरोबर घेतलीस. एवढं प्रेम कोण करतं आजकाल? वाण्याकडून मूठभर मीठ आणावं तितक्या सहज नेलिदा तुला गोळी देते. तीही घेते, मीही घेतो, अख्खी गल्ली घेते. एखाद्याने नको म्हटलं तर तिला वाटेल, आपल्या हातचं काही चालत नाही.

संध्याकाळी तू खिडकीपाशी येरझारा घालू लागलीस. हात कापत होते. म्हणून मी माझ्यातली अर्धी तुला दिली. माझी ती पिवळी. गिरणी बंद झाली त्या वर्षी डॉक्टरने सुरू केली होती. गिरणी पुन्हा उघडली नाही आणि गोळीही थांबली नाही. पावाच्या सुरीने मी तिचे दोन भाग करतो. अर्धी तुझी, अर्धी माझी. लग्नात पाद्र्याने काय काय वाटून घ्यायला सांगितलं होतं आठवत नाही, पण हे आपण नेमाने वाटून घेतो.

मग झोपायच्या वेळी तुझी निळी दिली. ती औषधाची, दवाखान्यातली. ती मी कधी चुकवत नाही.

१९ मार्च

आज तू मला अनीबाल म्हणून हाक मारलीस. माझ्या भावाला जाऊन किती वर्षं झाली. मी ओ दिली. काय करणार.

२७ मार्च

पत्त्यांचं आज फार वाईट झालं. नेलिदा आणि तिचा जावई एकीकडे, आपण दोघं एकीकडे. ट्रुकोत आपल्या जोडीला अख्ख्या हुआन लाकासे गावात कोणी बसवून घ्यायला तयार नसायचं, कारण तू भुवई हलवून मला खूण करायचीस आणि समोरच्यांनी पकडलं की म्हणायचीस, "डोळ्यात कचरा गेला." आज मी तुझ्या तोंडाकडे पाहत बसलो. भुवई नाही, ओठ नाही, काहीच नाही. तू पत्ते उघडे करून टेबलावर ठेवलेस आणि विचारलंस, "ही तलवारीची पानं आहेत ना?" जावई दुसरीकडे बघू लागला. नेलिदा म्हणाली, "चला, पिठाच्या तोर्ता तळते," आणि उठली.

तोर्ता खाताना तुझ्या हातातली खाली पडली. तुझ्या ते लक्षातही आलं नाही. नेलिदाने तुला जवळ घेतलं आणि पर्समधली एक गोळी दिली. "दुःख करू नकोस गं, वय आहे."

दवाखान्याच्या खिडकीतून औषधाची चिठ्ठी नवी करून आणली. खिडकीतली बाई म्हणाली, "तेच चालू ठेवायचं?" मी म्हटलं, तेच. डॉक्टरांना भेटता येईल का, असं मी विचारलं, तर म्हणाली, पुढच्या महिन्याच्या शेवटी जागा आहे.

८ एप्रिल

सुट्टीचा आठवडा संपला. नेलिदा बहिणीकडे गेली होती, रोचाला, समुद्रावर. गल्ली ओस पडली होती. आपण दोघंच नदीवर जायचो. पहिले दोन दिवस तुला घाम फुटत होता आणि हात थरथरत होते. मला वाटलं, नेलिदाची आठवण येत असेल, तुम्ही दोघी इतक्या वर्षांच्या मैत्रिणी. पण शनिवारी तू बाकावर बसून एकदम म्हणालीस, "म्हाताऱ्या, तो शर्ट तू उलटा घातलायस."

खरंच उलटा होता. मला इतका आनंद झाला की मी तो सुलटा केलाच नाही, तसाच घरी आलो. तू वाटभर माझ्यावर ओरडत होतीस आणि मला मेजवानी मिळाल्यासारखं वाटत होतं.

ही नदीच्या हवेची कमाल. रोज जायला हवं.

आज नेलिदा परत आली. तुला मिठी मारून म्हणाली, "किती वाळलीस गं!" बहिणीने तिला नवी गोळी दिली आहे. जिभेखाली ठेवायची, लगेच गुण येतो. तिने तुझ्यासाठी अर्धी पट्टी आणली. पाहा, समुद्रावरसुद्धा तिला तुझी आठवण होती.

१३ एप्रिल

तू पुन्हा दूर गेलीस. नदीवर नेलं, पण तू बाकावरच झोपलीस. कदाचित हवा बदलली असेल. दक्षिणेचा वारा सुटलाय.

मारिएलाचा फोन आला. आश्रमातून जून म्हणून सांगितलंय, थंडी सुरू होताच. मी म्हटलं, तुझी आई शर्टावरून मला बोलली. ती म्हणाली, "बाबा, तो एक दिवस झाला." मी फोन ठेवला आणि माझी अख्खी घेतली. अर्धी तुझ्यासाठी ठेवायला हवी होती, विसरलो. मग दुसरी कापली.

२४ एप्रिल

तू पडलीस. सकाळी अंगणात, पन्हाळीजवळ. मी आत पाणी तापवत होतो. आवाज आला तेव्हा वाटलं, बादली पडली. उजवं मनगट मोडलंय, डोक्याला टाके पडले. मी तुला उचलू शकलो नाही, डेल्मा. मारिएला म्हणाली होती तसंच झालं. मी तुझ्याशेजारी फरशीवर बसलो आणि नेलिदाला हाका मारत राहिलो.

आता तू इस्पितळात आहेस. मला घरी पाठवलं. तुझी चप्पल अजून पन्हाळीशीच पडली आहे. उचलवत नाही.

२६ एप्रिल

काल आणि आज तुझे हाल पाहवत नव्हते. चादर घामाने भिजलेली, हात असे कापत होते की प्लास्टर पलंगाच्या कडेवर आपटत होतं. भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणालीस. मी नर्सला म्हटलं, हिला रात्रीची निळी द्या. ती म्हणाली, दिली आहे, कागदावर आहे तेवढी दिली आहे.

मग डॉक्टरीण आली. बेंतान्कुर तिचं आडनाव. मारिएलाच्या मुलीएवढी असेल. मला आजोबा म्हणते. मी तिचा आजोबा नाही.

"आजोबा, आजी घरी आणखी काय घेतात?"

"काही नाही. एक निळी. औषधाची."

"आणि मन घाबरलं तर?"

"ती औषधं नाहीत हो. ती नुसती आपली असतात."

"आपली म्हणजे?"

"म्हणजे घरातली. माझ्यातली अर्धी. आणि शेजारीण प्रेमाने देते ती."

तिने पेन खाली ठेवलं. मला वाटलं, काहीतरी चुकीचं बोललो. खुर्ची ओढून ती माझ्यासमोर बसली. ओरडली नाही. म्हणाली, "घरात आहेत तेवढ्या सगळ्या उद्या घेऊन या. शेजारणीलाही आणा."

२७ एप्रिल

बिस्किटांचा डबा घेऊन गेलो. नेलिदा केसांना रंग लावून, चर्चला जायचा कोट घालून आली. तिला वाटलं, तिचा सत्कार करणार आहेत.

इस्पितळातल्या टेबलावर डॉक्टरीणबाईंनी डबा उपडा केला. मग नेलिदाला म्हणाल्या, "आता तुमची पर्स." नेलिदाने पर्स उघडली. पट्ट्याच पट्ट्या बाहेर आल्या, मधोमध रोझारियोची जपमाळ आणि एक अर्धवट खाल्लेलं चॉकलेट.

डॉक्टरीणबाईंनी चॉकलेट आणि माळ तिला परत दिली. बाकीच्या गोळ्या एका रांगेत लावल्या. निळी, पिवळी, पांढरी, जिभेखालची. म्हणाल्या, "ही झोपेची, ही धडधडीची, ही काळजीची. हो ना?"

"हो," नेलिदा म्हणाली. "प्रत्येकीचं काम वेगळं."

"नाही. नावं वेगळी, रंग वेगळे, खोकी वेगळी. आत रसायनाचा सांगाडा एकच आहे. या सगळ्या एकाच घरातल्या बहिणी. कुणी लवकर येते, कुणी उशिरा जाते, एवढाच फरक. एकीला बोलावलं होतं, तुम्ही चौघींना आत घेतलंत. म्हातारपणी त्या शरीरातून लवकर निघतही नाहीत. पडणं, विसरणं, दिवसा झोपणं, बरंचसं यांचंच असू शकतं."

मी एकदम बोलून गेलो, "रंगखात्यासारखं."

"काय?"

मी त्यांना सांगितलं. गिरणीत माझ्याकडे डबे असायचे, जांभळा, किरमिजी, गडद निळा. कागदावर वेगवेगळी नावं, पण बरेचसे एकाच मुळातून निघालेले. नवा माणूस आला की हटकून थोडा याचा, थोडा त्याचा असं घालून बसायचा. त्याला वाटायचं, सुंदर काहीतरी होईल. लोकर काळी निघायची. आयुष्यभर मी इतरांना त्यावरून शिव्या घातल्या. आणि माझ्याच घरात, डेल्मा, तुझ्यावर मी तेच केलं, आणि वर रोज विचारत बसलो, तू काळवंडलीस का म्हणून.

नेलिदा रडायला लागली. "मी तिला मारत होते का? मी? अहो, ती माझी बहीण आहे!"

"म्हणूनच देत होतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नावडत्या माणसाला कोण आपल्यातलं काढून देतं?"

"आत्ताच्या आत्ता सगळ्या फेकून देते," नेलिदा म्हणाली आणि पट्ट्या गोळा करायला लागली. बाईंनी तिचा हात धरला. "ते तर मुळीच नाही. आजींचं हे थरथरणं, हा घाम, मुंग्या, सगळं एकदम कमी झाल्यामुळेच आहे. झटके येऊ शकतात. एकच ठेवायची आणि हळूहळू उतरवायची. महिने लागतील. आणि तुम्ही दोघंही आपापल्या मनाने काही बंद करायचं नाही. तुमच्याकडेही मी बघणारच आहे."

हेही मला कळलं. उकळत्या हौदातली लोकर एकदम गार पाण्यात टाकली तर ती आकसते, गोळा होते, मग ती कसलीच राहत नाही. गार करायची तर हळूहळू करावी लागते.

मी विचारलं, "मग ती परत येईल?"

"किती ते आत्ता सांगता येत नाही. थोडं वयाचंही असेल. पण बघूया."

तू पलंगावर होतीस. त्यांनी तुला पुन्हा नीट मोजून औषध दिलं होतं आणि थरथर थोडी कमी झाली होती. तुझ्या प्लास्टरवर मी माझं नाव लिहिलं. तू ते बराच वेळ वाचत होतीस.

९ मे

आज तुला नेलं. मारिएला तुला माँतेविदेओला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांना तुला दर आठवड्याला बघायचं आहे. मी बॅग भरून तयार होतो. बेंतान्कुर बाईच आडव्या आल्या.

"तुम्ही नाही, आजोबा. तुमच्या गोळ्या इथेच कमी करायच्या आहेत. दोघं एका छपराखाली राहिलात तर पहिल्याच वाईट दिवशी सुरी काढाल."

मी म्हटलं, शप्पथ नाही काढणार. त्या हसल्या. मग मलाही नाही म्हणवेना, कारण खरं तेच होतं. तू खिडकीपाशी येरझारा घालत असशील आणि माझ्या खिशात अर्धी असेल, तर मी ती दिल्याशिवाय राहणार नाही. मला दुसरी कुठली माया करता येत नाही की काय, असं गाडी गेल्यावर वाटत राहिलं.

गाडी वळणावरून गेली तेव्हा तू मागे पाहिलंस का? काचेवर ऊन होतं, दिसलं नाही.

२२ मे

माझी पिवळी थोडी कमी केली आहे. अंगावर कातडी उलटी घातल्यासारखं वाटतं. फ्रीजचा आवाज ऐकू येतो. इतकी वर्षं तो एवढा मोठा होता का? गिरणीच्या भोंग्याचं स्वप्न पडलं. किती वर्षांनी पडलं! स्वप्नं पडतात हेच विसरलो होतो.

नेलिदाच्या दारापुढे अजूनही माटे होतं. ती आता पर्स आत ठेवून येते. पहिल्या दिवशी तिला हातांचं काय करावं कळेना. मग आतून संत्री आणून सोलत बसली. आता प्रत्येकाला एक एक फोड देते. न घेतली तर रागावते.

६ जून

फोनवर तू फार थोडं बोलतेस. शब्द शोधतेस. "ते... ते पाणी घालायचं... लाल..." मी म्हटलं, जिरेनियम? तू म्हणालीस, "मला माहीत होतं." मग मारिएला सांगते, आज आई रडली, आज आईने तिन्ही नातींची नावं बरोबर घेतली, आज झोपच नाही. एक दिवस वर, एक दिवस खाली. मी विचारतो, आश्रमाचं काय? ती म्हणते, "अजून नाही म्हटलेलं नाही, बाबा. हो पण म्हटलेलं नाही."

जिरेनियमची कुंडी हिवाळ्यासाठी आत घेतली आहे. तुझी चप्पल मी आज उचलली. पुसून पलंगाखाली ठेवली, दोन्ही एका रेषेत.

२१ जून

थंडी कडाक्याची. आज मारिएलाचा फोन आला. आवाज ऐकूनच मी खाली बसलो.

"बाबा, आश्रमातून फोन आला होता. जागा झाली. त्यांना आजच उत्तर हवं होतं."

मला वाटलं, झालं.

"मी बाजारात होते. फोन आईने घेतला."

"अगं, तिला का घेऊ दिलास?"

"ऐका तर. मी दारातून आत आले तर आई फोनवर बोलतेय. बाई तिला सगळं सांगत होती, खोलीत ऊन येतं, रविवारी संगीत असतं. आईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आणि मग म्हणाली, 'ग्रासियास.' आणि ठेवला."

"फक्त ग्रासियास?"

"फक्त ग्रासियास. ती बाई आभार समजली असेल, मला परत फोन करून समजावून सांगावं लागलं. मी विचारलं, आई, कशाला गं? तर म्हणाली, 'मला पुरे झालं. तुंबा दुसऱ्याकडे जाऊ दे.'"

डेल्मा, जन्मभर तू हा शब्द जपून ठेवलास, तो बरोबर जागेवर वापरलास. मी हसत होतो की रडत होतो माहीत नाही. नेलिदा भिंतीपलीकडून ओरडली, "काय झालं हो?" मी म्हटलं, डेल्माने ग्रासियास म्हटलं. ती म्हणाली, "खोटं!"

मग मारिएला म्हणाली, आईला बोलायचंय. तू फोनवर आलीस. श्वास ऐकू येत होता. मी वाट पाहिली, एकही शब्द पुरवला नाही. बेंतान्कुर बाईंनी तसं सांगितलंय.

"म्हाताऱ्या," तू म्हणालीस, "जिरेनियमला पाणी जास्त घालतोयस ना? इथपर्यंत वास येतोय."

हो, घालतोय. दुसऱ्या कुणाला घालू मी आता?

ही पानं फाडून उद्या पाकिटात घालतो. जशी आहेत तशी, चुकांसकट. पेन्सिल घे आणि प्रत्येक चुकीखाली रेघ मार. एकही सोडू नकोस. कुठे कुठे मी मुद्दाम ठेवल्यात आणि कुठे मला येतच नाही, ते तुला कळेल. मग परत पाठव, आणि खाली तुझ्या हाताने दोन ओळी लिही. मारिएलाकडून लिहवून घेऊ नकोस, मला अक्षर ओळखू येतं. डावा हात असला तरी चालेल. शिव्या असल्या तरी चालतील. डॉक्टर कधी सोडतात, कधी येतेस, एवढं कळव. गल्लीत पत्ते मांडले तर माझ्यासमोरची खुर्ची कोणी घेत नाही, नेलिदा बसू देत नाही. लवकर कळव, डेल्मा. मी घरीच आहे.